कुंकू लावलेले आठ डबे

बद्रीनाथ टेंभुर्णीचा. घरी कोरडवाहू जमीन, तीन भाऊ, आणि तिघांत हाच बिनकामाचा, असं घरच्यांचं ठाम मत. बैल याच्या हातानं चालायचे नाहीत, पाभर वाकडी जायची. पण गावात असा एकही रेडिओ नव्हता जो यानं उघडून पाहिला नाही. उघडलेले सगळे परत बोलायला लागले असं मात्र म्हणता येत नाही. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, १९८१ला, मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटल्यावर थोरल्या भावानं त्याला एस.टी.त घातलं आणि जालन्याच्या मस्तगडातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेऊन सोडलं.

दुकान एका म्हाताऱ्या उस्तादांचं होतं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण दसरा जवळ आला की कामावरच्यांना स्वतःहून सांगायचा, "तुम्हारी पूजा है ना, बराबर करो. औजार खुश तो हाथ खुश." मग खंडेनवमीला दुकानातलं झाडून सगळं सामान बाहेर निघायचं. उस्तादांचा एक दंडक होता: वस्तूला तिच्या जागेवरच कुंकू लावून मोकळं व्हायचं नाही. खोक्यात असेल तर खोक्यातून काढायची, पेटीत असेल तर पेटीतून, फडक्यानं पुसायची, चटईवर मांडायची, मग पूजा. बद्रीनाथ तिथं चौदा वर्षं होता. रेडिओची विद्या तो पुढं विसरला, पण ही सवय त्याच्या हाडात मुरली.

रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीच्या मागून कॉम्प्युटर आले. बद्रीनाथ दर वेळी नव्यानं शिकला. औरंगाबादला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स करून आला. इंग्रजीशी त्याचं कधी जमलं नाही, पण पडद्यावर मशीन काय विचारतंय ते त्याला अंदाजानं कळायचं, आणि अंदाज सहसा चुकायचा नाही. चाळिशीला येता येता एका बियाणे कंपनीनं त्याला आपले सगळे कॉम्प्युटर सांभाळायला ठेवून घेतलं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. तिथं त्याला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, आणि कधी नव्हे ते लोक 'बद्रीनाथभाऊ' म्हणायला लागले. भाऊंची कॉलर तेव्हा थोडी ताठ झाली, हे कबूल केलं पाहिजे.

त्याच कंपनीत रायभानतात्या होता. हसनाबादकडचा, मेंढपाळांच्या घरातला. बाप मेंढरं राखायचा आणि दोनशे मेंढरांत कुठली कुणाची लेक ते न चुकता सांगायचा. तात्या चौथी शिकलेला. १९८४ला कंपनीच्या फार्मवर खुरपायला लागला तो मजूर म्हणून. पण बापाची नजर त्याच्याकडं उतरली होती. बाजरीच्या वाफ्यातून चालता चालता थांबायचा, एका ताटाला हात लावायचा आणि म्हणायचा, "हिला केवडा पडणार न्हाई." आणि खरंच, रोगानं सगळा वाफा पांढराफटक पडला तरी ते ताट हिरवंगार उभं राहायचं. कंपनीतल्या पदवीवाल्या साहेबांनी ही नजर ओळखली आणि तात्याला कमी पावसाची, केवडा न पडणारी बाजरी तयार करण्याच्या कामावर घेतलं. ते काम तो सोळा वर्षं करत होता. हिचा परागकण तिला, तिचा पुन्हा हिला, दर हंगामाला शेकडो जोड्या. लवकर गेलेल्या थोरल्या भावाची आणि भावजयीची मुलं सांभाळून झाल्यावर तात्याला स्वतःचं असं काही उरलं नव्हतं, ही बाजरी सोडून. २००६च्या पावसाळ्यात तिची शेवटची मोठी चाचणी पेरायची होती. त्यात ती टिकली की पुढच्या साली बाजारात, आणि तात्या निवृत्त.

बियाणं थंड्या खोलीत ठेवलेलं असायचं, चार हजारांवर पाकिटं. एकाही पाकिटावर नाव नाही, फक्त आकडा. दुसऱ्या कंपन्यांची माणसं टपलेली असतात, पाकीट गेलं तरी त्यांना उमज पडू नये म्हणून हा कावा. आणि आकडेसुद्धा दर वर्षी बदलायचे. कुठला आकडा म्हणजे कुठलं वाण, त्याची आई कोण, बाप कोण, हे सगळं आधी तात्याच्या अकरा कापडी रजिस्टरांत होतं, आणि नंतर कॉम्प्युटरवर.

रजिस्टरांना वाळवी लागली होती. इंद्रायणी नावाच्या ऑपरेटर मुलीनं दोन वर्षं बसून ती सगळी टाइप केली. २००३मध्ये कंपनी नव्या इमारतीत गेली तेव्हा साहेबांनी ती वाळवी लागलेली रजिस्टरं जाळायला सांगितली. तात्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याला समजवायला बद्रीनाथला पाठवलं.

"तात्या, आता कशाला भेता? आपण नवी पेटी आणली ना. तिला वाळवी लागत न्हाई."

"पेटी बिघडली तर?"

"आठ डबे हायेत तिच्यात. एक डबा मेला तरी बाकीचे त्याचं काम ध्यानात ठेवतेत. मी सांगून राह्यलो ना तुम्हाला. माझ्यावर सोडा."

तात्यानं गठ्ठ्यावरचा हात काढला. बद्रीनाथच्या शब्दावर काढला, हे पुढच्या सगळ्यासाठी ध्यानात ठेवलं पाहिजे.

ही पेटी म्हणजे सगळ्या ऑफिसची माहिती एका जागी साठवणारं यंत्र. बद्रीनाथ ती लोकांना ऊसतोडीच्या टोळीसारखी समजावून सांगायचा. पेटीत समोरून सरकवायचे आठ डबे, म्हणजे डिस्क. सात कामाचे गडी, आठवा राखीव. कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी उभा राहायला. माहितीचे तुकडे करून ते सातांत वाटलेले असतात. कुठला तुकडा कुणाजवळ हे फक्त मुकादमाला माहीत. मुकादम म्हणजे पाठीमागं बसवलेला कंट्रोलर, कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी एक सर्किटची पाटी. मुकादम गेला तर गडी सगळे जागेवर, हातातला माल जागेवर, पण कुणाच्या हातात काय आहे ते सांगणारा नाही. म्हणून पेटीत मुकादमही दोन दिलेले होते.

त्यातला एक २००४च्या उन्हाळ्यात गेला. बद्रीनाथनं लिहून दिलं. साहेब म्हणाले, "दुसरा चालू आहे ना?" चालू होता. माहितीची नक्कल टेपवर घेणारं मशीन अडकून बसलं. बद्रीनाथनं त्याचंही लिहून दिलं, पुन्हा एकदा लिहून दिलं, तिसऱ्यांदा लिहिलं नाही. रोज उठून तेच तेच सांगणारा माणूस ऑफिसात कुणाला आवडत नाही, आणि पेटीवरचे हिरवे दिवे तर छान लुकलुकत होते.

२००५चा दसरा आला. खंडेनवमीला ऑफिस दुपारपर्यंत, सगळी मशीनं बंद, दाराला झेंडूचे हार. बद्रीनाथनं पेटी रीतसर बंद केली, आठही डबे बाहेर ओढले आणि चटईवर मांडले. झाडलोट करणारी झुंबरबाई कुंकवाची वाटी घेऊन शेजारी बसली. पन्नाशीची विधवा बाई, लगबगीची, प्रत्येक कामात जीव ओतणारी. आधी तिनं हात आखडला. "मी कशी लावू, भाऊ?" बद्रीनाथ म्हणाला, "लाव गं मावशी. मशीनला कुठं विचारायचंय कोण लावतंय ते." तेवढं ऐकून तिचं तोंड उजळलं. तिनं एकेक डबा मांडीवर घेतला, पदरानं पुसला, त्याच्या ओढायच्या मुठीच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं, आणि बद्रीनाथच्या हातात दिला. बद्रीनाथ घेईल तसा पेटीत सरकवत गेला. आरती झाली, पेढे वाटले. दसरा उलटल्यावर पेटी चालू केली तर सगळे दिवे हिरवे. जुना मुकादम गड्यांना चेहऱ्यानं ओळखायचा, कुणी कुठंही उभं राहिलं तरी त्याचं अडत नव्हतं. त्यामुळं रांग मोडलीय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. निदान बद्रीनाथला तरी असंच वाटत होतं.

मे महिन्यात भारनियमनानं जालन्याचा जीव काढला. वीज दिवसातून कितीदा जायची आणि परत येताना धाडकन यायची. अशाच एका दुपारी बारा वाजता ती आली आणि पेटीच्या पाठीमागून जळका वास आला. उरलेला मुकादम गेला. ऑफिसातले सगळे पडदे एकाच वेळी रिकामे झाले.

तात्या दहा मिनिटांत फार्मवरून आला. डोक्यावरचं ऊन तसंच, पाय धुळीनं भरलेले. दारातच उभा राहिला.

"बद्री, माझी बाजरी?"

"आत हाय तात्या. बिलकुल काळजी करू नका. फकस्त पाठीमागची पाटी बदलायचीय."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या घटकेला बाजरी आतच होती, शंभर टक्के आत होती. पुढं बद्रीनाथ हे स्वतःला इतक्यांदा सांगायचा की त्याच्या बायकोनं, कांताबाईनं, घरात बाजरीचं नाव काढणं बंद केलं.

नवा कंट्रोलर मुंबईहून यायला नऊ दिवस लागले. मृग तोंडावर आला होता; पाकिटं काढायची, वाफे आखायचे, सगळं खोळंबलेलं. तात्या रोज सकाळी येऊन त्या बंद पेटीसमोर घटकाभर बसायचा आणि उठून फार्मवर जायचा. दहाव्या दिवशी सकाळी खोकं आलं. जुन्या बनावटीचा कंट्रोलर आता बाजारात मिळत नव्हता, हा नव्या पिढीचा होता. बद्रीनाथनं हात धुतले, जुनी पाटी ओढून काढली, नवी सरकवली, खटका बसल्याचा आवाज ऐकला. मग पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या बेंगलोरच्या इंजिनिअरला फोन लावला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणं एकेक पायरी चढायला लागला. खोलीत मॅनेजरसाहेब, आबाराव त्यांचं नाव, इंद्रायणी, दाराशी झुंबरबाई. तात्या भिंतीला टेकून उभा.

पडद्यावर एक प्रश्न आला. फोनवरचा इंजिनिअर म्हणाला की डब्यांवरची जुनी खूण नव्या कंट्रोलरला वाचता येत नाहीय. हा डब्यांना जागेवरून ओळखेल: पहिल्या घरात पहिला, दुसऱ्यात दुसरा, शेवटच्या घरातला राखीव. मग त्यानं विचारलं, "सर, डिस्क कभी बाहर निकाली थी क्या? जगह बदली तो नहीं?"

"नहीं नहीं," बद्रीनाथ म्हणाला. "बिलकुल नहीं. किसीने हाथ नहीं लगाया."

तो खोटं बोलला नाही. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, जे झालं ते सांगतो. डबे काढणं म्हणजे दुरुस्तीला काढणं, बदलायला काढणं, काहीतरी बिघडलं म्हणून काढणं. पूजेला काढणं म्हणजे काढणं असं त्याच्या डोक्यात आलंच नाही. सणाला देव देव्हाऱ्यातून काढून घासतो, उजळतो, परत ठेवतो. म्हणून कुणी देव हलवले असं म्हणतं का? बेंगलोरच्या माणसाच्या प्रश्नात दसरा नव्हता आणि बद्रीनाथच्या उत्तरातही नव्हता.

"पक्का?"

"पक्का."

"फिर यस कर दीजिए."

बद्रीनाथनं बटण दाबलं. आठही दिवे एकदम पिवळे झाले आणि मग एकामागून एक लुकलुकायला लागले. नवा मुकादम गड्यांचा हिशोब नव्यानं जुळवून घेत होता. चार तास लागणार होते. साहेबांनी चहा मागवला. आबाराव साहेब बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला." तात्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसला आणि त्यानं चहा घेतला.

साडेतीनला सगळे दिवे हिरवे झाले. इंद्रायणीनं तिच्या कॉम्प्युटरवरून पेटी उघडली. तिच्या पडद्यावर एक छोटी चौकट आली. ही कोरी डिस्क आहे, वापरायला तयार करू का, असं मशीन अदबीनं विचारत होतं.

नंतर कळलं ते असं. दसऱ्याला राखीव डबा तिसऱ्या घरात गेला होता आणि कामाचा एक गडी राखीवच्या जागी जाऊन बसला होता. नव्या मुकादमानं रिकाम्या गड्याला कामाचा धरलं, कामाच्या गड्याला घरी बसवलं, आणि त्या खोट्या हिशोबाप्रमाणं सातही जणांच्या हातातला माल चार तास इमानेइतबारे खरडून टाकला. डबे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. त्यांनी तीन आठवड्यांनी कळवलं की जागोजागचे तुकडे पुसले गेले आहेत, सलग असं काहीच हाती लागत नाही. बटण दाबायच्या आधी पाठवले असते तर सगळं मिळालं असतं, असंही लिहिलं होतं. ते न लिहिते तरी चाललं असतं. त्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती: डब्यांची मूळ रांग बदललेली आढळली, आणि मुठींच्या कडेला लाल पूड सापडली.

त्या लाल पुडीनं झुंबरबाईचा घात केला.

आबाराव साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दसऱ्याला डबे मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, हे साऱ्या ऑफिसनं पाहिलं होतं. झुंबरबाई उभी राहिली, पदर दोन्ही हातांत धरलेला.

"भाऊंनी दिले तसे पुसले मी. भाऊंच्याच हातात दिले." ती बद्रीनाथकडं बघायला लागली. "सांगा ना, भाऊ."

बद्रीनाथला बोलायचं होतं. मीच काढले, मीच लावले, रांग मी मोडली, आणि विचारलं तेव्हा नाही म्हणालो तेही मीच. चार वाक्यं होती. पण टेबल गेलं असतं, खुर्ची गेली असती, 'भाऊ' गेलं असतं, आणि पंचवीस वर्षं ज्या हातांवर जगला ते हात चारचौघांत नालायक ठरले असते. तो फरशीकडं बघत म्हणाला, "गडबडीत इकडचे तिकडं झाले असतील." कुणाच्या गडबडीत ते त्यानं सांगितलं नाही. तेवढं पुरलं. झुंबरबाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तात्याही त्या खोलीत होता. तो काहीच बोलला नाही. बद्रीनाथला वाटलं, ह्या माणसाला आता कशाचंच काही राहिलं नाही.

पाऊस झाला, पेरणी झाली, आणि तात्याच्या वाफ्यांत कंपनीनं कापूस लावला. चार हजार पाकिटं पेरून एकेकीची ओळख नव्यानं पटवायची तर चार-पाच हंगाम गेले असते, आणि तरी आई-बाप सापडलेच असते असं नाही. वरच्या साहेबांनी बाजरीचं काम बंद केलं. थंडी खोली रिकामी करायची होती. पाकिटं फोडून बियाणं एका ताडपत्रीवर ओतलं. सोळा वर्षं एकमेकींपासून जपून, कापडी पिशव्यांत कणसं बांधून वेगळी ठेवलेली बाजरी एका ढिगात मिसळली आणि कंपनीच्या गोठ्यात जनावरांना गेली. फोडायच्या कामावर तात्या स्वतः बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं पाकीट फोडून झाल्यावर त्यानं राजीनामा दिला आणि हसनाबादला निघून गेला.

बद्रीनाथ तेव्हापासून खायचा ते अंगी लागेना. श्रावणात एका रविवारी तो झुंबरबाईच्या घरी गेला. तिची सून बेबीनंदा दारातच भांडी घासत होती. बद्रीनाथनं उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "मावशे, मी उद्या साहेबाला खरं सांगून टाकतो."

झुंबरबाईनं आधी सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "नगा सांगू."

"का?"

"मी अंगठा दिलाय, चूक माझीच म्हून. त्याच्यावरच साहेबानं हिला माझ्या जागी घेतलंय, मागच्या सोमवारपासून. आता तुम्ही खरं सांगितलं तर माझा अंगठा खोटा. मंग हिलाबी काढतील." ती उठली. "भाऊ, मला तीन महिने झोप न्हाई. मला वाटायचं रांडमुंड बाईनं कुंकू लावलं, म्हून मशीन जळालं. तुम्हाला म्हाईत होतं ना तसं न्हाई म्हून? तेवढं तरी येऊन सांगायचं होतं."

ती पाणीसुद्धा न विचारता आत गेली. बद्रीनाथ उठला आणि चपला घालून चालायला लागला. खरं बोलायची त्याची एक वाट तिथं संपली.

दुसरी वाट हसनाबादची होती. भाद्रपदात तो भोकरदनच्या गाडीनं गेला. तात्या शेतातच होता. पुतण्याच्या बांधाकडंच्या तुकड्यात त्यानं बाजरी केली होती. ताडपत्रीवरच्या ढिगातलं ओंजळभर बियाणं त्यानं खिशात घालून आणलं होतं, ते एकेक दाणा करून टोबलं होतं. बाजरी कणसाला आली होती. उंच, बुटकी, लालसर, हिरवी, केसाळ, सगळी सरमिसळ. बरीच ताटं केवड्यानं पांढरी पडली होती. मधूनच एखादं हिरवंगार उभं होतं. तात्या त्याच्याजवळ जायचा, कणीस हातात घ्यायचा, सोडायचा, पुढं जायचा.

"ह्याच्यात हाय ती," तो बद्रीनाथकडं न बघता म्हणाला. "पण कोणती ते न्हाई सांगता येत. आता सगळ्यांचा वारा सगळ्यांना लागला."

बद्रीनाथ वाफ्याच्या तोंडाशी उभा राहिला. घरून निघताना त्यानं वाक्यं जुळवली होती, ती सगळी हरवली.

"तात्या, झुंबरबाईची चूक नव्हती. डबे मी काढले, मीच उलटसुलट लावले. आन् फोनवर विचारलं तर न्हाई म्हणलो."

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

बद्रीनाथला कळलं नाही. तात्या चालायचा थांबला.

"मी तिथंच बसलेलो होतो, पेढा खात. तिच्या हातातनं डबे जसे येत होते तसे तू लावून राह्यलता. पहिल्या घरातला पाचव्यात गेला. शेवटचा तिसऱ्यात गेला, त्याच्या मुठीला एक ओरखडा होता. मला दिसलं. रांग मोडलेली मला दिसतीच, बद्री, जन्माचं कामच ते."

"मंग बोलले का न्हाई? फोनवर त्यानं विचारलं तव्हा तर तुम्ही मागंच उभे होते!"

"तोंडावर आल्तं माझ्या." तात्यानं हातातलं कणीस सोडलं. "दसऱ्यालाबी आल्तं, फोनच्या वक्ताला बी आल्तं. मंग वाटलं, आपण चौथी शिकलेलं माणूस. तुझ्या मशीनीचं शास्त्र येगळं असंल. तू म्हणलास 'पक्का', मंग मी म्हणलं, ह्याला म्हाईत असंल. मागं बी तू म्हणलाच होतास ना, माझ्यावर सोडा म्हून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बद्रीनाथला उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता.

"एक खरं सांग," तात्या म्हणाला. "मी बोललो असतो, तर तू ऐकलं असतंस का?"

बद्रीनाथच्या डोळ्यासमोर ती खोली आली. कानाला फोन, समोर साहेब, पडद्यावर प्रश्न, आणि भिंतीजवळून तात्या म्हणतोय, बद्री, डबे उलटे लागलेत. आपण काय केलं असतं हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. आपण हात करून त्याला गप्प बसवलं असतं. 'तात्या, तुम्ही तुमची बाजरी बघा,' असं म्हणून हसलो असतो, साहेबही हसले असते, आणि आपण बटण दाबलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई ऐकलं असतं."

तात्यानं मान हलवली आणि तो पुढच्या सरीत शिरला.